बोगद्यातून की पुलांवरून

मुलीची दहावीची परीक्षा संपली त्या आठवड्यात तिने नाश्त्याच्या वेळी माझ्या ताटलीशेजारी दोन कागद ठेवले. मार्क कसेही पडोत, जुलैत आल्प्समध्ये जायचं, असं आम्ही तिला कबूल केलं होतं. गाव तिनेच शोधलं होतं. चारी बाजूंनी डोंगर, मोटारींना बंदी, पोचायचं ते फक्त रेल्वेने. मोटारींना बंदी असेल तर अँब्युलन्स कुठून येणार, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. पोह्यांचा घास तोंडातच राहिला.

"दोन रूट्स आहेत," ती म्हणाली. "फास्ट वाला अँड सीनिक वाला. फास्टने साडेतीन तास, सीनिकने होल डे. बाबा, प्लीज, सीनिक."

जलद गाडी सपाटीवरून सुसाट जाते आणि डोंगर आडवा आला की थेट त्याच्या पोटात शिरते. चौतीस-पस्तीस किलोमीटरचा बोगदा. दुसरी गाडी लाल, छोट्या रुळांवरची, छतापर्यंत काचा असलेली. ती सकाळी निघते, दोन हजार मीटरवरची खिंड ओलांडते, दऱ्यांवरच्या पुलांवरून हळूहळू जाते आणि संध्याकाळी गावात पोचते. कागदावर एका उंच दगडी पुलाचा फोटो होता. पूल अर्धगोल वळलेला आणि त्याच्या टोकाला सरळ उभा कडा. मुलीला तो फोटो फार आवडला होता. मी त्या पुलाला कठडा कुठे दिसतो का ते शोधत होतो.

"बघतो," मी म्हटलं.

"म्हणजे नो," ती म्हणाली आणि उठून गेली.

मी पेशाने सेफ्टी ऑफिसर आहे. शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये लोखंडी टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात. राहतो दुबईच्या पार दुसऱ्या टोकाला, डिस्कव्हरी गार्डन्सला, कारण बायकोची नोकरी जबल अलीला आहे. त्यामुळे रोज जायला दीड तास, यायला दोन तास, आणि एवढा वेळ स्टिअरिंगमागे एकटं बसलेल्या माणसाच्या डोक्यात जे यायचं ते सगळं माझ्या डोक्यात येतं. अपघात होण्याआधी तो कसा होईल याची कल्पना करण्याचाच मला पगार मिळतो. कुठलंही काम सुरू करण्याआधी मी एक तक्ता भरतो. काय बिघडू शकतं, बिघडण्याची शक्यता किती, बिघडलंच तर नुकसान किती. शक्यतेला आकडा, नुकसानाला आकडा, दोन्हींचा गुणाकार. गुणाकार मोठा आला की काम बंद. रोज सकाळी सातला मी कामगारांसमोर उभा राहून दहा मिनिटं बोलतो. नांदेडचे, रत्नागिरीचे, बिहारचे, नेपाळचे लोक असतात. त्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, "छुपाना मत. चोट लगी, चक्कर आया, डर लगा, जो भी हुआ, पहले बताओ. छुपाया तो अगली बार मरोगे." हे मी बारा वर्षं सांगत आलोय. आणि घरी आम्ही चौदा महिने एक गोष्ट लपवत होतो.

मुलीला पहिली फीट आली तेव्हा मी कामावर जायला दारात उभा होतो. ती बाथरूममध्ये दात घासत होती. काहीतरी पडल्याचा आवाज आला. बघतो तर ती फरशीवर, हातपाय ताठ, डोळे वर गेलेले, तोंडात टूथपेस्टचा फेस. प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट माझ्या कारखान्यातल्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं आहे. शेकडो माणसांना मी शिकवलंय की अशा वेळी माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, घड्याळ बघायचं, तोंडात काहीही घालायचं नाही. मी काय केलं? मी पायातला सेफ्टी शू काढला आणि तिच्या नाकाशी धरला. लहानपणी सांगलीत आमच्या गल्लीतल्या एका माणसाला फेफरं यायचं तेव्हा लोक असंच करायचे, चप्पल नाहीतर कांदा. ते कुठे आत बसून राहिलं होतं, कोण जाणे. बायकोने मला बाजूला ढकललं म्हणून बरं. आजही तो प्रसंग आठवला की मला माझी किळस येते.

डॉक्टरीणबाई केरळच्या, शांत, हिंदी-इंग्रजीत बोलणाऱ्या. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या, काहींना दिव्याच्या उघडझापीने फीट येते म्हणून चमकत्या दिव्यासमोर बसवूनही बघितलं. म्हणाल्या, एपिलेप्सी आहे, गोळ्या घ्यायच्या, मुलगी बाकी सगळ्या मुलींसारखी राहील. "दिव्याने हिला काही होत नाही. हिचा शत्रू एकच, झोप कमी होणं. झोप आणि गोळी, बस. आणि स्कूलमध्ये सांगून ठेवा."

"हो, हो," आम्ही म्हटलं.

संध्याकाळी सांगलीला फोन केला. आई आधी रडली, मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ, कुणाला सांगू नकोस. मुलीची जात आहे. उद्या स्थळं बघायची वेळ आली की हेच काढतील. कुणी विचारलं तर चक्कर येते म्हण. चक्कर काय, कुणालाही येते."

मी आईवर चिडलो. पंधरा वर्षांच्या मुलीची स्थळं! फोन ठेवल्यावर बायकोला म्हटलंसुद्धा, कुठल्या काळात राहते ही बाई. आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या आरोग्याच्या फॉर्मवर मी स्वतःच्या हाताने लिहिलं, अधूनमधून चक्कर येते. बायकोने वाचलं आणि खाली सही केली. म्हणजे तीही त्यात आली. महाराष्ट्र मंडळात चक्कर, शेजारी चक्कर, ऑफिसात रजा मागताना चक्कर. हळूहळू घरातही आम्ही तोच शब्द वापरायला लागलो. फक्त मुलगी वापरत नसे. ती आपल्या वहीत तारीख आणि "सीझर", म्हणजे फीट, असं लिहायची. चौदा महिन्यांत तशा तीन नोंदी झाल्या होत्या.

तर, दोन कागद. मी ऑफिसात बसून तक्ता केला. डाव्या बाजूला जलद मार्ग, उजव्या बाजूला निसर्गाचा. आधी वाटलं, जलदच बरा. साडेतीन तासांत काम उरकतं, मधली स्टेशनं मोठी, शहरं मोठी, दवाखाने जवळ. मग बोगदा आठवला. बोगद्यात असताना झालं तर? पस्तीस किलोमीटर अंधार, गाडी थांबवता येत नाही, थांबवली तर त्याहून वाईट. म्हणून दुसऱ्या गाडीकडे वळलो, तर तिथे शोध लागला की तिच्या वाटेवर बोगदे नव्वदच्यावर आहेत. लहान लहान, पण नव्वद. शिवाय बर्फ कोसळू नये म्हणून रुळांवर छपरासारखे बांधलेले, एका बाजूने उघडे सज्जे. त्यांच्या खांबांमधून ऊन आत येतं तेव्हा उजेड-अंधार, उजेड-अंधार अशी उघडझाप होते. इंजिनात कॅमेरा लावून कुणीतरी अख्ख्या प्रवासाचा व्हिडिओ टाकला होता. मी तो जेवणाच्या सुट्टीत बघायचो, आणि मुलीने हटकेपर्यंत रात्री घरीही, हातात स्टॉपवॉच घेऊन. एका सेकंदात किती खांब जातात ते मोजायचो. डॉक्टरीणबाईंनी दिव्याने काही होत नाही म्हणून सांगितलं होतं, पण त्यांनी तो सज्जा कुठे बघितला होता?

दोन्ही गुणाकार लाल रंगात आले. माझ्या कारखान्यात असं झालं असतं तर मी काम बंद केलं असतं.

"मग जायलाच नको," बायको म्हणाली. "घरात बसवून ठेवू. बाथरूममध्ये पण नको पाठवू, तिथेच तर झालं होतं पहिल्यांदा."

ती क्वचित चिडते, पण चिडली की असं बोलते. मला राग तिचा येत नव्हता. माझी भीती मला दिवसेंदिवस आवरेनाशी झाली होती आणि ती दुसऱ्या कुणाला दिसतेय याचा मला संताप येत होता. मुलगी शाळेच्या बसमध्ये असायची तेव्हा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचो. ती खोलीचं दार लावून बसली की मी बाहेर उगाच खाकरत उभा राहायचो. ती आतून ओरडायची, "अलाइव्ह, बाबा!"

मग मला ती कल्पना सुचली. कारखान्यात कुठलाही धोका कागदावर कळत नसला की आम्ही आधी लुटुपुटीची चाचणी घेतो. आमच्या घराजवळून मेट्रो जाते. ती शेख झायेद रोडच्या कडेने उंच पुलावरून धावते, आणि उंच इमारतींच्या मधून ऊन गाडीत येत-जात राहतं. पुढे बर दुबईच्या अलीकडे तीच गाडी जमिनीखाली जाते. म्हणजे आधी पूल आणि उघडझाप, मग बोगदा, आणि तेही एकाच तिकिटात. मी स्वतःवर खूश झालो. मुलीला म्हटलं, शनिवारी व्हिसाचे फोटो काढायला बर दुबईतल्या मीना बाझारला जाऊ, आधी इडली खाऊ. गर्दी नको आणि ऊन तिरपं हवं म्हणून मी तिला साडेपाचला उठवलं. आदल्या रात्री ती मैत्रिणींशी बोलत बराच वेळ जागी होती, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी उठवलं, कारण माझ्या तक्त्यात झोपेचा रकानाच नव्हता.

गाडीत आम्ही शेजारी बसलो. ती डोळे चोळत होती. इमारतींमधून ऊन तिच्या चेहऱ्यावर पडायचं, जायचं, पुन्हा पडायचं. मी खिडकीबाहेर बघितल्यासारखं करून काचेत तिच्याकडे बघत होतो. पापण्या कशा हलतात, ओठ कसे आहेत, बोटं कशी आहेत.

"बाबा," ती म्हणाली, "आर यू टेस्टिंग मी?"

"छे गं. फोटो काढायचेत ना."

ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली आणि मग तिने तोंड दुसरीकडे फिरवलं.

दोन स्टेशनं गेल्यावर मंडळातल्या एक काकू पलीकडच्या बायकांच्या डब्यातून आम्हाला बघून आल्या आणि समोर बसल्या. गणपतीत प्रसादाची सगळी व्यवस्था बघणाऱ्या, मायाळू, आणि दुबईतल्या प्रत्येक मराठी घराची बित्तंबातमी ठेवणाऱ्या. फुलं आणायला चालल्या होत्या. त्यांनी मुलीची परीक्षा विचारली, सुट्टीचा बेत विचारला. गाडी जमिनीखाली शिरली. मी काकूंना हो-हो म्हणत होतो आणि मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होतो. एक मिनिट गेलं, मग आणखी एक. काही झालं नाही. पुढचं स्टेशन आलं, लखलखीत दिव्यांचं. गाडी थांबली, दारं उघडली. चाचणी पास. आता दोन्हींतली कुठलीही गाडी चालेल असं माझ्या मनात आलं, आणि तेवढ्यात तिचं डोकं माझ्या खांद्यावर आदळलं.

ना उन्हाची उघडझाप, ना बोगद्याचा अंधार. गाडी उभी होती आणि दारं उघडी होती.

ती ताठ होऊन सीटवरून घसरली. मी तिला धरून खाली घेतलं. या वेळी मला सगळं आठवत होतं. मी तिला कुशीवर वळवत होतो, घड्याळात बघत होतो. काकू किंचाळल्या, "अहो, काय झालं हिला?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "काही नाही, काही नाही. चक्कर आली. सकाळी काही खाल्लं नाहीये."

मी हे का बोललो याचा मी पुढे खूप विचार केला. उत्तर फार साधं आणि लाजिरवाणं आहे. समोर काकू होत्या म्हणून बोललो. मंडळात कळेल म्हणून बोललो. माझी मुलगी माझ्या हातात आचके देत होती आणि मी स्थळांची काळजी करत होतो.

चक्कर म्हटल्यावर कुठलीही मराठी बाई जे करील ते काकूंनी केलं. "अगं बाई, उपाशीपोटी!" म्हणत त्यांनी पर्समधून ग्लुकोजच्या पाण्याची बाटली काढली. मेट्रोत खाण्यापिण्याला बंदी आहे हेही त्या विसरल्या. गुडघ्यांवर बसून त्यांनी मुलीची हनुवटी वर केली आणि पाणी तोंडात ओतलं. मी "नको" म्हणालो, पण ते नको किती लेचंपेचं होतं! कारण मोठ्याने नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं. काकू म्हणाल्या, "असू द्या हो, मी आहे ना," आणि पुन्हा बाटली कलती केली.

मुलीच्या घशातून घरघर आवाज आला. ओठ निळे पडायला लागले.

तेव्हा मी ओरडलो. "फीट आहे! पाणी नको! फीट आहे तिला, एपिलेप्सी आहे!" मराठीत ओरडलो, मग हिंदीत, मग इंग्रजीत. डब्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. काकूंच्या हातातली बाटली खाली पडली. मेट्रोचा एक कर्मचारी धावत आला आणि जमलेल्या लोकांना हाताने मागे सारत म्हणाला, "खलास, खलास, प्लीज, गिव्ह स्पेस." इथे पंधरा वर्षं राहून त्या शब्दाचा अर्थ मला पाठ आहे. झालं, पुरे, आता व्हा बाजूला. पण त्या क्षणी तो मला सांगलीच्या कानांनी ऐकू आला: संपली, गेली. मी तिचं तोंड खाली करून पाठीवर थापट्या मारत राहिलो आणि "नाही, नाही" म्हणत राहिलो.

ती खोकली. खूप वेळाने, म्हणजे घड्याळाप्रमाणे वीस-पंचवीस सेकंदांनी. अँब्युलन्स आली. पाणी फुप्फुसात गेलं होतं. तीन दिवस ती दवाखान्यात होती, दोन दिवस नाकाला ऑक्सिजन. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी किसने पिलाया?" मी म्हटलं, गाडीतल्या एका बाईंनी. ते खोटं नव्हतं. काकू मात्र रोज डबा घेऊन येत होत्या, बाहेरच्या खुर्चीवर बसून रडत होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मला सांगितलं असतं तर मी कशाला दिलं असतं हो? माझ्या भाचीला आहे ना तेच. मला माहितीये काय करायचं ते."

त्यांच्या भाचीला आहे ना तेच. मी मान खाली घालून ऐकत होतो.

तिसऱ्या दिवशी मुलीचा आवाज परत आला. बायको कागदपत्रांसाठी खाली गेली होती. मुलगी छताकडे बघत म्हणाली, "तू काकूंना सांगितलंस ना, दॅट इट वॉज अ सीझर?"

फीटमध्ये काय घडलं ते तिला आठवत नाही. मी हो म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. माझ्या तोंडापर्यंत हो आलंही होतं.

"सांगितलं," मी म्हटलं. "पण आधी नाही. आधी मी चक्कर म्हणालो. पाणी दिल्यावर सांगितलं."

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मग रडायला लागली, आवाज न करता. मी तिच्या हाताला हात लावायला गेलो तर तिने हात काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

त्यानंतर आम्ही शाळेला पत्र लिहिलं. विम्याच्या फॉर्मवरचा शब्द बदलला. आईला फोन करून सांगितलं की आता सगळ्यांना माहीत आहे, ती म्हणाली, "मग काय उरलं?" आणि तिने फोन ठेवला. मंडळात काही कुणी वाळीत टाकलं नाही. दोन घरांनी तर हळूच बोलावून स्वतःच्या घरातलं सांगितलं, तेही चक्कर म्हणूनच झाकलेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली आणि झोपेचा कायदा पुन्हा एकदा, माझ्याकडे बघत, समजावून सांगितला. प्रवासाला त्यांची हरकत नव्हती. "कोणत्याही गाडीने जा," त्या म्हणाल्या.

कोणत्या गाडीने हे अजून ठरायचंच होतं. जूनच्या एका शुक्रवारी दुपारी मुलगी मला आणि बायकोला घेऊन बसली. आता ती मोठ्या माणसासारखं बोलायला लागली होती.

"सीनिकने जायचंय मला. अँड आय वॉन्ट टू गो विथ आई."

"आपण सगळेच..."

"नो. फक्त आई. बाबा, मला ट्रेनची भीती नाही वाटत. टनेलची पण नाही. तुझ्या फेसची वाटते. मी जागी होते आणि पहिलं काय दिसतं? तुझा फेस. आय थिंक आय हॅव डाइड."

मी बायकोकडे बघितलं. ती टेबलावरचा कण बोटाने टिपत होती. तिला आधीच माहीत होतं.

मी वाद घातला. थोडा आवाजही चढवला, ते कबूल करतो. मग उठलो आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन होतं, तरी उभा राहिलो. राग नव्हता तो. मला धडकी भरली होती, की माझ्याशिवाय तिला काही झालं तर, आणि त्याच्याही खाली आणखी एक भीती होती, की ती बरोबर बोलतेय. आत आलो आणि माझं तिकीट रद्द करतो म्हणालो. मंडळात सांगितलं की रजा मिळाली नाही. सवय एकदम जात नाही.

विमानतळावर तिने मला घट्ट मिठी मारली आणि कानात म्हणाली, "डोन्ट वॉच द व्हिडिओ."

प्रवासाच्या दिवशी मी कामावर गेलो. आमचं घड्याळ त्यांच्या दोन तास पुढे. अकराला गाडी सुटल्याचा बायकोचा निरोप आला, मग काही नाही. साडेबाराला उन्हातली कामं थांबतात, तशी आमची माणसं शेडच्या सावलीत आडवी झाली. मी केबिनमध्ये फोन समोर ठेवून बसलो. आता दोघी ती खिंड चढत असतील. आता सज्जे आले असतील. मी व्हिडिओ बघितला नाही, पण मला तो पाठ होता, डोळे मिटले की खांब दिसायचे. दोन वाजले, अडीच, तीन. दोनदा फोन लावला, लागला नाही. डोंगरात नेटवर्क नसतं हे मला ठाऊक होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. माझ्या मनात ती सीटवरून घसरत होती, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी कुणीतरी बाटली उघडत होतं. पाचला निघालो. शेख मोहम्मद बिन झायेद रोडवर वाहनांच्या रांगेतून बाहेर पडून मी एका पेट्रोल पंपावर गाडी आत घेतली आणि सीटवर मान टेकून बसलो.

सातच्या सुमारास तिथेच फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, पोचलो. अँड लिसन, ओके? एक झाली. वरती, माउंटन पासवर. आई म्हणाली आता सांगू नको, पण मी सांगतेय."

मी सीटवर ताठ बसलो.

"आय एम फाइन. दोन मिनिटं दहा सेकंद, आईने टाइम केलं. सकाळी बसल्या बसल्या मी टेबलवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की मला एपिलेप्सी आहे, झालं तर असं असं करा. समोर एक आजी होती. तिने जॅकेट काढून माझ्या डोक्याखाली ठेवलं आणि कॉफीचे कप बाजूला केले. कुणी काही पाजलं नाही. नंतर मी झोपले, आणि उठल्यावर बाकीचं सगळं बघितलं. ब्रिज मिस झाला नाही."

"घाबरलीस?" मी कसंबसं विचारलं.

"नाही. उठले तेव्हा कुणीच घाबरलेलं नव्हतं."

पंपावरचा माणूस काचेवर टकटक करत होता. मी त्याला हाताने थांब म्हटलं. माझे गाल ओले होते आणि ते त्याला दिसत होतं.

"बाबा? तू आहेस ना? आर यू ओके?"

ठीक आहे म्हणणार होतो. जेवून घे म्हणणार होतो, गोळी घे म्हणणार होतो.

"नाही गं," मी म्हटलं. "मला फार भीती वाटते. रोज वाटते."

ती मराठीत म्हणाली, "माहितीये मला. थांब, मी फोन ठेवत नाही. तू सावकाश घरी जा."